तिकीट काढले, मग परवानगी कशाला? ऐतिहासिक उद्यानांतील शुल्क आणि परवाने

एखाद्या जुन्या, नावाजलेल्या उद्यानाच्या फाटकाशी थोडा वेळ उभे राहिले, तर एक प्रसंग हमखास पाहायला मिळतो. कोणीतरी रीतसर तिकीट काढून आत येतो, हिरवळीच्या मधोमध ट्रायपॉड उभा करतो, पिशवीतून बॅटरीवर चालणारा ध्वनिवर्धक काढतो आणि सोबतच्या मंडळींना कुठे उभे राहायचे ते सांगू लागतो. पाचव्या मिनिटाला रखवालदार येऊन परवानगीचा कागद मागतो. त्यावर पाहुण्याचे उत्तर ठरलेले असते: ‘तिकीट काढले आहे की!’ पाहुण्याला वाटते की आपल्याकडून दोनदा पैसे उकळले जात आहेत, तर रखवालदाराला वाटते की समोरच्याला साधा नियम कळत नाही. दोघांचाही राग खरा असतो, कारण ज्या फलकावर हा फरक समजावून सांगायला हवा होता, त्यावर सहसा फक्त दरांचा तक्ता असतो.

हा फरक एका वाक्यात असा सांगता येईल: प्रवेशशुल्क हे एका माणसाने आत येऊन इतरांप्रमाणेच फिरण्याबसण्याचे शुल्क असते, आणि परवानगी ही सर्वांच्या मालकीच्या जागेचा काही भाग काही काळापुरता स्वतःसाठी राखून घेण्याची किंवा नेहमीपेक्षा वेगळ्या कारणासाठी वापरण्याची मुभा असते. पहिल्यात इतर कोणाचे काही कमी होत नाही. दुसऱ्यात मात्र, तुमचा कार्यक्रम चालू असेपर्यंत, त्या हिरवळीवर एरवी जो पहुडला असता त्याला तिथे येता येत नाही, आणि परवानगीचे सगळे अर्ज, अटी, अनामत रकमा आणि नकार या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

प्रवेशाचे पैसे कशासाठी

सार्वजनिक उद्यान मोफतच असले पाहिजे, असे आज आपण गृहीत धरतो. परंतु आरंभीच्या काळात तसे नव्हते. इंग्लंडमधील डर्बी या गावी 1840 साली उद्योजक जोसेफ स्ट्रट यांनी दिलेल्या जमिनीवर जॉन क्लॉडियस लाउडन यांनी आखलेले वृक्षोद्यान खुले झाले. मुद्दाम जनतेसाठी आखलेल्या पहिल्या उद्यानांपैकी ते एक मानले जाते. तरीही तेथे आठवड्यातील दोनच दिवस प्रवेश मोफत होता आणि उरलेल्या दिवशी पैसे मोजावे लागत, कारण देखभालीचा खर्च त्यातूनच निघायचा होता. हे शुल्क 1882 मध्ये बंद झाले. त्याआधीच, 1847 मध्ये, जोसेफ पॅक्स्टन यांनी आखलेले बर्कनहेड येथील उद्यान सार्वजनिक पैशातून उभे राहिले आणि सर्वांना विनामूल्य खुले झाले. अमेरिकेतून आलेल्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी 1850 साली ते पाहिले. पुढे 1858 मध्ये कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांच्यासह केलेला त्यांचा आराखडा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी निवडला गेला, आणि तेथेही फाटकावर तिकीट नाही.

डर्बी आणि बर्कनहेड हे दोन नमुने आजही शेजारी शेजारी नांदतात. बहुतेक ऐतिहासिक उद्यानांत मोकळी जमीन, वाटा आणि बाके मोफत असतात, तर काचगृह, महाल, संग्रहालय किंवा प्राणिसंग्रहालय अशा वेगळा खर्च असलेल्या भागांना तिकीट असते. काही ठिकाणी तिकीट जागेला नसून दिवसाला असते. व्हर्सायच्या राजवाड्यामागील बागेत हंगामातील ठरावीक दिवशी कारंज्यांचे किंवा संगीताचे कार्यक्रम असतात आणि त्या दिवशी बागेलाही तिकीट लागते. एरवी बाग मोफत असते. महालाचे तिकीट हातात असूनही बागेच्या दाराशी थांबवलेल्या प्रवाशांचे चेहरे पाहण्यासारखे असतात, पण त्यात फसवणूक नाही. फक्त दोन तिकिटे दोन वेगळ्या गोष्टींची असतात. टोकियोतील शिंजुकू ग्योएन या एकेकाळच्या शाही बागेचे उदाहरण तिसऱ्या प्रकारचे आहे. ती 1949 मध्ये सर्वांसाठी खुली झाली, तिला कुंपण आहे, फाटके ठरावीक वेळी बंद होतात आणि संपूर्ण बागेलाच शुल्क आहे.

शुल्क उत्पन्नासाठी आहे की गर्दी आवरण्यासाठी, हे ओळखायचे असेल तर तिकिटावर वेळ छापली आहे का ते पाहावे. बार्सिलोनातील पार्क ग्वेल हे अंतोनी गौदी यांनी आखलेले उद्यान 1926 मध्ये सार्वजनिक झाले आणि 1984 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. ऑक्टोबर 2013 पर्यंत ते पूर्णपणे मोफत होते. त्यानंतर त्यातील स्मारकांच्या भागासाठी तिकीट सुरू झाले आणि सुरुवातीला दर अर्ध्या तासाला 400 जणांनाच आत सोडायचे ठरले. परिसरातील रहिवाशांना आणि नोंदणी केलेल्या शहरवासीयांना मात्र मोफत प्रवेश ठेवला गेला. यात पैसे मिळत नाहीत असे नाही. परंतु ही व्यवस्था पायऱ्यांवर आणि रंगीत फरशीच्या बाकांवर एका वेळी किती माणसे मावतील यावरून बेतलेली आहे. म्हणून वेळ छापलेल्या तिकिटाचे नियम कडक असतात: उशिरा पोचल्यास प्रवेश नाकारला जाऊ शकतो, एकदा बाहेर पडल्यावर परत आत येता येत नाही आणि ऐन दिवशी फाटकावर तिकीट मिळेलच याची खात्री नसते. अशा ठिकाणी जाताना दर पाहण्याआधी उपलब्ध वेळा पाहाव्यात.

सवलतींबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. मुले, विद्यार्थी, ज्येष्ठ, दिव्यांग व्यक्ती आणि त्यांचा मदतनीस यांना सूट किंवा मोफत प्रवेश असतो. स्थानिकांसाठी वेगळा दर असल्यास पत्त्याचा पुरावा लागतो. वर्षाचा पास साधारणपणे ठरावीक फेऱ्यांनंतर वसूल होतो. मात्र वार्षिक पासधारकालाही विशेष प्रदर्शन किंवा रात्रीच्या रोषणाईचे वेगळे तिकीट काढावे लागू शकते, आणि पास म्हणजे परवानगी नव्हे, हे त्यालाही लागू आहे.

परवानगी कुठे सुरू होते

प्रत्येक उद्यानाची नियमावली वेगळी असली, तरी त्यांच्यामागचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. तुम्ही किती जण आहात? तुम्ही जागा अडवणार आहात का? जमिनीत काही रोवणार किंवा तिच्यावर काही उभारणार आहात का? आवाज वाढवणार आहात का? आणि यातून कोणी पैसे कमावणार आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर परवानगी लागेल असे धरून चालणे शहाणपणाचे.

संख्येची मर्यादा ठिकाणागणिक बदलते. न्यूयॉर्कच्या उद्यानांत 20 पेक्षा अधिक लोकांच्या कार्यक्रमाला परवाना लागतो, तर शिकागोच्या उद्यानांबाबत ज्या नियमावरून पुढे खटला झाला, त्यात 50 ही संख्या होती. अर्थात विसाव्या आणि एकविसाव्या माणसात काही जादुई फरक नाही. परंतु कर्मचाऱ्याने डोळ्यांनी मोजून ठरवता येईल अशी रेषा कुठेतरी ओढावीच लागते. वीस नातेवाइकांची सहल आणि वीस जणांचा शुल्क घेऊन चालणारा व्यायामवर्ग हे आकड्याने सारखे असले, तरी नियमाने वेगळे असतात. दुसऱ्यात उद्यान हे कोणाच्या तरी व्यवसायाची जागा बनते, म्हणून तिथे पाच जण असले तरी परवाना मागितला जातो.

छायाचित्रणाचा नियम सर्वांत जास्त वादग्रस्त ठरतो. हातातल्या कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने स्वतःसाठी फोटो काढायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते. ट्रायपॉड, दिवे, परावर्तक पडदे, कपडे बदलण्यासाठी आडोसा, मदतनीस अशी सामग्री आली की प्रश्न जागा अडवण्याचा होतो. आणि छायाचित्रे विकली जाणार असतील किंवा जाहिरातीत वापरली जाणार असतील, तर व्यावसायिक वापराचा. लग्नाच्या फोटोंबाबत गोंधळ होतो तो यामुळेच: जोडप्याच्या दृष्टीने तो घरगुती प्रसंग असतो, पण छायाचित्रकाराच्या दृष्टीने ते पैसे घेऊन केलेले काम असते, आणि उद्यान सहसा छायाचित्रकाराकडे पाहून ठरवते.

आणखी काही गोष्टी अशा आहेत की त्यांना परवानगी लागते हे अनेकांच्या ध्यानातही येत नाही: ड्रोन उडवणे (यात उद्यानाशिवाय हवाई वाहतुकीचे नियमही येतात), आप्ताच्या आठवणीसाठी झाड लावणे किंवा बाक देणे, अस्थी विखुरणे, पत्रके वाटणे, आणि धातुशोधक यंत्र घेऊन जमीन धुंडाळणे. शेवटची गोष्ट अनेक ऐतिहासिक उद्यानांत सरसकट निषिद्ध असते, कारण हिरवळीखाली जुन्या इमारतींचे पाये आणि पुरातत्त्वीय अवशेष असू शकतात.

परवानगी कोणाकडे मागायची हाही सोपा प्रश्न नाही. सेंट्रल पार्कची जमीन शहराची आहे, दैनंदिन देखभाल 1980 मध्ये स्थापन झालेली सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी ही ना-नफा संस्था करते, कार्यक्रमाचा परवाना शहराचा उद्यान विभाग देतो, ध्वनिवर्धकाचा परवाना पोलिसांकडून घ्यावा लागतो आणि चित्रपटाच्या चित्रीकरणाचा परवाना महापौरांच्या अखत्यारीतील वेगळे कार्यालय देते. म्हणजे ध्वनिवर्धक लावून कार्यक्रम करणाऱ्याला किमान दोन दारे ठोठवावी लागतात, आणि ज्या संस्थेचे कर्मचारी त्याला रोज बागेत दिसतात त्यांच्या हातात यातला एकही कागद नसतो. म्हणून अर्ज करण्यापूर्वी उद्यान कार्यालयाला एकच प्रश्न लेखी विचारावा: तुमच्या परवानगीशिवाय मला आणखी कोणाकोणाची परवानगी किंवा ना-हरकत प्रमाणपत्र लागेल?

जुन्या बागेत अटी जास्त का

साध्या मैदानावर मांडव घातला तर गवत दबते आणि पुढच्या पावसात परत येते. ऐतिहासिक उद्यानात मात्र वाटेचे वळण, झाडांची रांग, तळ्यापलीकडे मुद्दाम मोकळी सोडलेली दृष्टी, हे सारे जपण्याच्या वस्तूत मोडते. शिवाय शंभर-दीडशे वर्षांचे झाड मोडले तर त्याच्या जागी तसेच दुसरे आणून लावता येत नाही.

त्यातही सर्वांत मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरच्या थरात पसरलेली असतात. त्यावरून सामानाचा ट्रक गेला, विशेषतः माती ओली असताना, तर मातीच्या कणांमधील पोकळ्या चेपतात, हवा आणि पाणी खाली जाईनासे होते आणि मुळे गुदमरतात. याचा परिणाम त्या आठवड्यात दिसत नाही. काही वर्षांनी शेंडा सुकू लागतो, तोवर कार्यक्रम कोणी केला हेही कोणाच्या लक्षात नसते आणि अनामत रक्कम केव्हाच परत गेलेली असते. बांधकामाच्या वेळी झाडे जपण्यासाठी ब्रिटनमध्ये जे मानक वापरतात, त्यात जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास मोजून त्याच्या 12 पट त्रिज्येचे वर्तुळ राखीव धरतात. खोड 75 सेंटिमीटर जाडीचे असेल, तर त्रिज्या 9 मीटर होते, म्हणजे 18 मीटर रुंदीचे वर्तुळ. परवानगीसोबतच्या नकाशात ‘येथे वाहन नाही, खुंट्या नाहीत, जनरेटर नाही’ अशी जी भलीमोठी वर्तुळे दिसतात, ती अशा हिशेबातून येतात. मांडव खुंट्यांऐवजी वजनाच्या ठोकळ्यांवर उभा करा किंवा वाहनासाठी आधी फळ्या अंथरा, अशा अटीही त्यातल्याच.

या अटींचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ख्रिस्तो आणि जान-क्लोद या कलाकार दांपत्याचा सेंट्रल पार्कमधील ‘द गेट्स’ हा प्रकल्प. वाटांवर केशरी कापडाच्या कमानी उभारण्याची कल्पना त्यांनी 1979 मध्ये मांडली आणि 1981 मध्ये उद्यान विभागाने ती नाकारली. मूळ आराखड्यात कमानींची संख्या बरीच जास्त होती, त्यांच्यासाठी जमिनीत खड्डे घ्यावे लागणार होते आणि प्रदर्शन शरद ऋतूत व्हायचे होते. जानेवारी 2003 मध्ये जेव्हा परवानगी मिळाली, तेव्हा आराखडा पुरता बदललेला होता. कमानींची संख्या 7,503 वर आली होती, त्या पोलादी वजनांच्या बैठकींवर उभ्या राहणार होत्या म्हणून एकही खड्डा लागणार नव्हता, त्या फक्त फरसबंद वाटांवर येणार होत्या आणि काळ फेब्रुवारीचा, म्हणजे झाडे निष्पर्ण असतानाचा ठरला होता. फेब्रुवारी 2005 मध्ये 16 दिवस, 37 किलोमीटर लांबीच्या वाटांवर, हे प्रदर्शन झाले.

त्यासाठी झालेला करार 43 पानांचा होता. त्यात विमा कलाकारांनी उतरवायचा, देखरेखीचा खर्च त्यांनीच द्यायचा, झाडाझुडपांना आणि खडकांना धक्का लावायचा नाही, लोकांच्या आणि आपत्कालीन वाहनांच्या वाटा मोकळ्या ठेवायच्या आणि सगळे काढून नेण्याच्या खर्चाची हमी आधीच भरायची, अशी कलमे होती. शिवाय शहराला 30 लाख डॉलर मिळाले. पैसे किती मिळाले याची चर्चा खूप झाली. माझ्या मते त्याहून शिकण्यासारखी गोष्ट खड्ड्यांची आहे. 1981 चा नकार आणि 2003 चा होकार यांच्यामध्ये महापौर बदलले हे खरे, पण अर्जही बदलला होता, आणि उद्यानाच्या हरकती तेवढ्यापुरत्या दूर झाल्या होत्या.

शुल्काच्या पावतीत काय काय असते

कार्यक्रमाच्या शुल्काचा आकडा पाहून अनेकांना धक्का बसतो, कारण त्यात चार-पाच वेगळ्या रकमा एकत्र आलेल्या असतात. अर्ज छाननीची रक्कम सहसा लहान असते आणि अर्ज नाकारला तरी परत मिळत नाही. जागावापराचे शुल्क क्षेत्रफळ, दिवस आणि कार्यक्रमाचा प्रकार यांवर ठरते. धर्मादाय, शालेय आणि व्यावसायिक असे तीन दर असणे सर्रास आढळते. देखरेखीचे शुल्क म्हणजे तुमच्यासाठी जादा थांबणाऱ्या कर्मचाऱ्यांचे पैसे. साफसफाई आणि हिरवळ पूर्ववत करण्याचा खर्च काही ठिकाणी आधीच आकारतात, तर काही ठिकाणी अनामत रकमेतून वळता करतात. विमा उद्यानाला दिला जात नाही, तो तुम्ही बाहेरून घ्यायचा असतो. पण त्यावर उद्यानाचे नाव सह-लाभार्थी म्हणून घालावे लागते आणि शेवटच्या आठवड्यात नेमके तेच राहून जाते.

यातील अनामत रक्कम ही शुल्क नाही, हे ठामपणे लक्षात ठेवावे. ती तुमचीच असते आणि कारण सांगितल्याशिवाय कापता येत नाही. परंतु ते सिद्ध करायचे तर कार्यक्रमाआधीची स्थिती तुमच्याकडे नोंदलेली हवी. साहित्य उतरवण्यापूर्वी उद्यानाच्या कर्मचाऱ्यासोबत संपूर्ण जागा चालून पाहावी, आधीच फुटलेली फरशी, उखडलेले गवत, वाकलेले कठडे यांची तारीख-वेळेसह छायाचित्रे घ्यावीत आणि त्या यादीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. या कामाला अर्धा तास लागतो.

हे शुल्क नेमके कुठे जाते, हा प्रश्न विचारण्याचा हक्क सर्वांना आहे आणि त्यावर बरेच वाद झाले आहेत. ब्रिटनमध्ये 1890 च्या एका कायद्याने स्थानिक संस्थांना उद्यान लोकांसाठी बंद करून प्रवेशशुल्क आकारण्याची मुभा दिली, पण वर्षातून 12 दिवसांपेक्षा जास्त नाही आणि एका वेळी सलग 4 दिवसांपेक्षा जास्त नाही, अशा मर्यादेसह. म्हणजे बंद करणे हा अपवाद आहे, हे त्या काळच्या कायदेकारांनाही मान्य होते. पुढच्या कायद्यांनी स्थानिक संस्थांचे अधिकार वाढवले. 1869 मध्ये खुल्या झालेल्या लंडनच्या फिन्सबरी पार्कमधील मोठ्या संगीत महोत्सवाविरुद्ध रहिवाशांच्या गटाने खटला भरला, तेव्हा 1972 च्या कायद्यानुसार उद्यानाचा भाग कुंपण घालून भाड्याने देण्याचा अधिकार संस्थेला आहे, असा निर्णय अपील न्यायालयाने 2017 मध्ये दिला. यात दोन्ही बाजूंना वजन आहे. सरकारी अनुदान आटले की उद्यानाला उत्पन्न लागते आणि उन्हाळ्यातील एक महोत्सव वर्षभराच्या माळीकामाला हातभार लावतो. पण ज्यांच्या घरामागची एकमेव हिरवळ ऐन उन्हाळ्यात पत्र्यांच्या कुंपणाआड जाते, त्यांना तो हिशेब ऐकवणे कठीण असते.

छोट्या, मोफत उपक्रमांबाबत प्रश्न आणखी नाजूक होतो. लंडनच्या बुशी पार्क या शाही उद्यानात 2004 मध्ये 13 जणांनी धावून जो साप्ताहिक उपक्रम सुरू केला, तो पुढे ‘पार्करन’ या नावाने अनेक देशांत पसरला; धावणाऱ्यांकडून पैसे न घेणे हे त्याचे मूळ तत्त्व आहे. 2016 मध्ये इंग्लंडमधील लिटल स्टोक येथील स्थानिक परिषदेने वाटांच्या झिजेचे कारण देऊन या धावेसाठी शुल्क मागायचे ठरवले आणि तेथील धाव बंद पडली. परिषदेचे म्हणणे असे, की दर आठवड्याला शेकडो पाय त्याच वाटेवर पडतात तेव्हा झीज खरी असते. आयोजकांचे म्हणणे असे, की प्रत्येक जण स्वतंत्रपणे धावायला आला असता तर त्याला कोणी पैसे मागितले नसते. मला आयोजकांची बाजू जवळची वाटते, कारण तिथे जागा कोणासाठी बंद होत नव्हती. मात्र दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद हास्यास्पद नव्हता.

सभा, मोर्चे आणि नकार

एक क्षेत्र असे आहे की तिथे परवानगी देणाऱ्याचे हात सर्वांत जास्त बांधलेले असायला हवेत, आणि ते म्हणजे राजकीय सभा. जुलै 1866 मध्ये मताधिकाराच्या मागणीसाठी रिफॉर्म लीगने लंडनच्या हाइड पार्कमध्ये सभा बोलावली, सरकारने ती बेकायदा ठरवून फाटके लावून घेतली आणि जमावाने लोखंडी कठडे उखडून आत प्रवेश केला. त्यानंतर 1872 च्या कायद्याने सार्वजनिक सभांना परवानगी देण्याची रीत घालून दिली, आणि कोणीही उभे राहून भाषण करावे अशा, स्पीकर्स कॉर्नर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोपऱ्याची परंपरा त्यातूनच रुजली.

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयांनी टप्प्याटप्प्याने सोडवला. रस्ते आणि उद्याने ही लोकांनी एकत्र येऊन विचार मांडण्याची जागा आहे, ही भूमिका 1939 मधील एका खटल्यात पुढे आली. 1992 मध्ये जॉर्जिया राज्यातील फोर्साइथ काउंटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर असा नियम आला, की ज्यात अधिकारी दिवसाला 1,000 डॉलरपर्यंतचे शुल्क आपल्या अंदाजाने कमीजास्त करू शकत होता आणि बंदोबस्ताचा अपेक्षित खर्चही त्यात धरू शकत होता. न्यायालयाने तो रद्द केला. वक्त्याचे म्हणणे ऐकून विरोधक किती भडकतील यावर वक्त्याचेच शुल्क ठरू लागले, तर न पटणारे बोलणे महाग होते, असा त्याचा आशय. दहा वर्षांनी, 2002 मध्ये, शिकागोच्या उद्यानांचा परवाना-नियम मात्र त्याच न्यायालयाने एकमताने वैध ठरवला. तो नियम सर्व प्रकारच्या कार्यक्रमांना सारखा लागू होता, नकाराची कारणे त्यात आधीच लिहिलेली होती, निर्णयाला मुदत होती, नकार लेखी द्यावा लागे आणि त्याविरुद्ध दाद मागता येई.

हे दोन निकाल अमेरिकेतले असले, तरी कुठल्याही उद्यानाची नियमावली तपासायला त्यांतून चांगला मापदंड मिळतो. नकाराची कारणे छापलेली नसतील, दर अधिकाऱ्याच्या मर्जीवर असेल आणि मुदतच नसेल, तर तक्रारीला जागा आहे. अर्थात कारणे छापलेली असली म्हणून वाद मिटतात असे नाही. 2004 मध्ये युद्धविरोधी मोर्चाच्या आयोजकांना सेंट्रल पार्कच्या मोठ्या हिरवळीवर सभेची परवानगी नाकारली गेली, तेव्हा कारण गवताच्या नुकसानीचे दिले होते. ती हिरवळ 1997 मध्येच मोठ्या खर्चाने नव्याने तयार केली होती, हे खरे. आणि गवत हे निमित्त आहे असे आयोजकांना वाटले, यातही नवल नाही.

अर्ज लिहिताना

समजा, एका मंडळाला सुमारे दीडशे श्रोत्यांसाठी जुन्या बागेत सायंकाळी काव्यवाचन करायचे आहे. अर्जात ‘सांस्कृतिक कार्यक्रम, सायंकाळी 5 ते 8’ एवढेच लिहिले, तर छाननी करणाऱ्यापुढे काहीच चित्र उभे राहत नाही आणि तो सावधपणे नकार देतो किंवा दहा प्रश्न उलट पाठवतो. त्याऐवजी असे लिहावे: ‘दीडशे घडीच्या खुर्च्या, एक लाकडी व्यासपीठ, बॅटरीवर चालणारे दोन ध्वनिवर्धक, साहित्य हातगाडीने पूर्वेच्या फाटकातून दुपारी 3 वाजता आणणार, रात्री 9 पर्यंत जागा मोकळी करणार, मांडव नाही, खुंट्या नाहीत, जनरेटर नाही, सोबतच्या नकाशात खुर्च्यांची जागा आणि झाडांपासूनचे अंतर दाखवले आहे.’ यातील मांडणीची आणि आवराआवरीची वेळ सर्वाधिक अर्जांत राहून जाते, आणि मग तीन तासांच्या परवानगीत सहा तासांचे काम उरकण्याची वेळ येते.

उत्तर आल्यावर त्यातील शब्द नीट वाचावेत. ‘तारीख तात्पुरती राखून ठेवली आहे’, ‘तत्त्वतः मान्यता’ आणि ‘अंतिम परवानगी’ या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि शुल्क भरल्याची पावती ही यांपैकी एकही नाही. निमंत्रणे अंतिम परवानगीनंतरच छापावीत. पावसाने माती ओली राहिली तर उद्यान आदल्या दिवशीही कार्यक्रम रद्द करू शकते का, तसे झाल्यास पर्यायी तारीख मिळते की रक्कम परत मिळते, हे सही करण्याआधी विचारून घ्यावे.

कार्यक्रमाच्या दिवशी परवानगीची छापील प्रत जागेवर हजर असलेल्या माणसाकडे द्यावी, कार्यालयात बसलेल्या अध्यक्षांकडे नव्हे, कारण विचारणा करणारा रखवालदार अर्ज मंजूर करणाऱ्या कार्यालयातला नसतो आणि त्याच्याकडे त्या दिवशीची यादी पोचलेली असेलच असे नाही. खुर्च्या उचलून झाल्या की सकाळची यादी हातात घेऊन तीच जागा त्याच कर्मचाऱ्यासोबत पुन्हा चालून पाहावी, हातगाडीच्या चाकोऱ्या उमटल्या असतील तर त्या स्वतःहून दाखवाव्यात, आणि यादीच्या दुसऱ्या रकान्यात त्याची सही घेऊन अनामत रक्कम परत मागण्याचा अर्ज तिथल्या तिथे त्याच्याकडे देऊन पोचपावती घ्यावी.